एकाच मताची दोन माणसं

वासंतीबाई घोलप दर रविवारी अकरा वाजता उरुळीच्या रेसकोर्सवर पोचायच्या, फाटकावर फोन जमा करायच्या आणि संध्याकाळी पाचपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्याचंच त्यांना मानधन मिळायचं.

त्यांची खोली सतरा नंबरची. खोली कसली, गडद काचेची पेटीच ती. टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या, त्या दिवशीच्या घोड्यांची यादी असलेलं रेसबुक आणि एक शिसपेन्सिल. आतून मैदान दिसायचं, बाहेरून आतलं माणूस दिसायचं नाही. शर्यतीआधी घंटी वाजली की दार आपोआप उघडायचं, आणि चाळीस पेट्यांमधली चाळीस माणसं दोर बांधलेल्या वाटेने रिंगणाकडे जायची. या रिंगणात शर्यतीआधी सईस घोड्यांना लगाम धरून फिरवत. कठड्याशी सहा-सहा फुटांवर पांढरे चौकोन आखलेले. आपल्या चौकोनात उभं राहायचं, दहा मिनिटं घोडे बघायचे, परत यायचं आणि कोण जिंकेल असं वाटतं तो एक आकडा कागदावर लिहून फटीतून सरकवायचा. दिवसातून आठ वेळा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शेजारच्याकडे बघून मानसुद्धा डोलवायची नाही. वरती कॅमेरे होतेच.

अठरा नंबरच्या चौकोनात शौकत मुजावर उभे असत.

या कठड्याशी ही दोघं एकतीस वर्षं शेजारी शेजारी उभी राहत आली होती. तेव्हा चौकोन नव्हते आणि बोलायला कुणी अडवतही नव्हतं.

वासंतीबाई इथल्याच घोड्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. आयुष्यभर घोड्यांचे पाय उजेडाच्या काचेवर लावून बघितल्यावर माणसाला कातडीच्या आतलं दिसायला लागतं, तसं त्यांचं झालं होतं. मुजावर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मुहूर्त नसेल त्या रविवारी येऊन कठड्याला रेलायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. घोडा ते कानाने बघायचे. पहिल्या दिवशी बाई शेजारच्या या अनोळखी माणसाला न राहवून म्हणाल्या होत्या, की पाच नंबरचा मागचा डावा पाय दुखरा आहे. मुजावरांनी डोळे न उघडता सांगितलं, "असेल, बाई. पण ताल सोडत नाहीये."

पाच नंबर जिंकला. तिथून जो वाद सुरू झाला तो थांबलाच नाही. दवाखान्यातल्या माणसांना पैज लावायला बंदी होती, म्हणून बाईंची पैज खिडकीवर कधी लागली नाही. ती मुजावरांशी लागायची, खाऱ्या शेंगदाण्याच्या एका पुडीवर. कोण किती पुड्या जिंकलं हे दोघंही आपापल्या सोयीने सांगत. बाईंचे यजमान गेले तेव्हा त्या दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मुजावरांनी काही विचारलं नाही. चुकलेल्या दोन रविवारांची रेसबुकं त्यांनी जपून ठेवली होती, प्रत्येक शर्यतीपुढे निकाल आणि "तुम्ही हाच म्हणाला असतात" असं लिहून. सोळापैकी तेरा ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

एकमेकांची घरं त्यांनी पाहिली नव्हती. मुजावर कॅम्पात एका खोलीत एकटे राहतात, दात गेल्यावर क्लॅरिनेट सुटली, एवढं बाईंना ठाऊक होतं. एकदा ते सहज म्हणाले होते, की सोमवार ते शनिवार त्यांचा आवाज फक्त दूधवाला ऐकतो.

मग अदमास आला, शाळेपासून शर्यतीपर्यंत कशाचाही अंदाज सांगणारा संगणक.

घोड्याच्या प्रत्येक नालेत मोहरीएवढं यंत्र बसवलेलं. पाऊल किती जोरात पडतं, किती वेळ टेकतं, कुठल्या कडेवर भार येतो, श्वास कितव्या पावलाला तुटतो, हे सगळं ते कळवत राही. त्यावरून संगणकात प्रत्येक घोड्याचा एक जुळा तयार होई, आणि रविवारी दुपारची शर्यत ते जुळे सकाळपर्यंत दहा हजार वेळा पळून मोकळे होत. उत्तर प्रत्येकाच्या फोनवर, फुकट.

वासंतीबाईंना तो आधी आवडला होता. घोड्याचा पाय मोडायच्या आधी कळतो, यापरतं काय हवं? आणि अदमास काही सर्वज्ञ नव्हता. दहातल्या सहा शर्यती बरोबर, चार चूक. मेख त्याच्या चुकण्यात नव्हती. सगळ्यांच्या खिशात तो एकच होता, ही मेख होती.

रेसकोर्सवर लोक क्लबविरुद्ध पैज लावत नाहीत, एकमेकांविरुद्ध लावतात. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात, क्लब आपला वाटा काढतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे कुणीतरी जिंकायचं तर कुणीतरी चुकायला हवं, आणि चुकायचं तर आधी वेगळं मत हवं. सगळ्यांनी अदमासला विचारून एकाच घोड्यावर पैसे लावले, की घोडा जिंकला तरी प्रत्येकाला स्वतःचेच पैसे थोडे कमी होऊन परत मिळत. हरला तर सगळे मिळून हरत. यात थरार कसला? म्हातारे सवयीने येत राहिले, तरुण आधी गेले. ते मुळीच चिडले नाहीत. नळाचं पाणी गेल्यावर माणूस जसा नळ बंद करून बाजूला होतो, तसे गेले. आता जे येत ते हिरवळीवर चटया टाकून, घोड्यांकडे पाठ करून बसत.

तेव्हा क्लबने चाळीस माणसांचं मंडळ नेमलं. अदमास न वापरणारी, स्वतःच्या डोक्याने घोडा निवडणारी चाळीस माणसं. प्रत्येकाच्या आकड्यावर क्लब स्वतः ठराविक रक्कम लावणार. त्याने हंड्यातले पैसे वेगवेगळ्या घोड्यांवर पसरतील, भाव हलतील आणि तरुण परत येतील, असा हिशेब. मंडळाचं काम बघायला मैत्रेयी खिलारे नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. संख्याशास्त्र शिकलेली, नम्र, केस आखूड कापलेले. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना समजावलं, की हजार माणसांनी एकाच घड्याळात बघून वेळ सांगितली तर ते हजार साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच, ते घड्याळ. आम्हाला चाळीस घड्याळं हवीत. म्हणून मंडळातल्यांनी एकमेकांशी घोड्यांबद्दल कधीच बोलायचं नाही, रविवारी तर काहीच नाही, आणि बाहेरच्यांशीही नाही.

बाई आणि मुजावर दोघांनीही सही केली. न बोलता का होईना, रविवारी दहा-दहा मिनिटं आठ वेळा शेजारी उभं राहायला मिळणार होतं. नाहीतर मंडळाबाहेरच्यांना रिंगणाजवळ यायलाच आता मनाई होती.

अकरा रविवार झाले आणि मैत्रेयीने वासंतीबाईंना ऑफिसात बोलावलं. समोरच्या पडद्यावर चाळीस ठिपके होते, एकमेकांपासून दूर दूर, आकाशात चांदण्या असाव्यात तसे. एका कोपऱ्यात दोन ठिपके एकमेकांवर चढले होते.

तिने सांगितलं, की अठ्ठ्याऐंशी शर्यतींपैकी एक्याऐंशी वेळा सतरा आणि अठरा नंबरने एकच घोडा लिहिला आहे. चुकलेही एकाच जागी आहेत. कॅमेरे तपासले, कुणी खूण केलेली नाही. तरी गणिताच्या दृष्टीने ही दोन माणसं नाहीत, एकच आहे. शंभरात ऐंशीच्या वर जुळणी गेली की एक जागा रिकामी करावी लागते. एवढ्यात नाही, पण खाली आली नाही तर.

बाईंना आधी हसू आलं. मग त्या बसमध्ये बसल्यावर विचार करू लागल्या. एकतीस वर्षं भांडताना मुजावरांचं ऐकून ऐकून त्या टापा ऐकायला शिकल्या होत्या. आणि अलीकडे मुजावर रिंगणात एखादा घोडा आला की मध्येच डोळे उघडून त्याच्या गुडघ्यांकडे बघत, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या कानात बाईंचा डोळा शिरला होता, बाईंच्या डोळ्यात त्यांचा कान. हे काही कुणी ठरवून केलं नव्हतं.

उपाय सोपा होता. पुढच्या रविवारपासून त्यांनी मनातला घोडा लिहायचा नाही असं ठरवलं. पहिल्या पसंतीचा सोडून दुसऱ्या पसंतीचा लिहायचा. प्रत्येक वेळी आकडा लिहिताना हात अडायचा, पण त्या लिहायच्या. मुजावर राहायला हवेत, मग आपलं मत थोडं खोटं झालं तर झालं.

तीन रविवारांनी मैत्रेयीने पुन्हा बोलावलं. या वेळी तिचा चेहरा नम्रच होता, पण ती पडद्यापेक्षा बाईंकडे जास्त बघत होती. चोवीस शर्यती, तेवीस वेळा एकच घोडा.

"तुम्ही दोघांनी एकाच दिवशी निवडायची पद्धत बदललीत," ती म्हणाली. "आधीच्या शर्यतींशी ताडून दिसतंय, दोघांनीही दुसऱ्या पसंतीचा लिहायला सुरुवात केलीत. हे ठरवल्याशिवाय कसं होईल?"

"बोलायची बंदी आहे ना," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच विचारतेय."

 तिकडे अठरा नंबरच्या पेटीत मुजावरही पेन्सिल हातात धरून याच कारणाने अडत होते, हे कळल्यावर बाईंनी पदराने डोळे टिपले. मैत्रेयीने पाण्याचा पेला पुढे केला आणि नियम वाचून दाखवला. बुधवारी पाच वाजेपर्यंत दोघांपैकी कुणीही स्वतःहून नाव मागे घेऊ शकतं. कुणीच घेतलं नाही तर मागाहून आलेल्याचं नाव निघेल. म्हणजे अठरा.

मंगळवारी वासंतीबाई लेकीकडे हडपसरला गेल्या. पूर्वाचं घर शांत असायचं. ती आणि जावई सगळं अदमासला विचारून ठरवत, कुठली शाळा, कुठलं तेल, सुट्टीत कुठे जायचं. दोघांना एकच उत्तर मिळे, त्यामुळे वाद नव्हते. घरात कुणाचा आवाज चढत नसे आणि कुणी कुणाची समजूतही काढत नसे. वाद घालायचं काम एकटी तीन वर्षांची शर्वी करायची. तिचा सगळा दिवस "नाही"ने सुरू व्हायचा. बाई तिला वरणभात भरवत होत्या. ती प्रत्येक घासाला नाही म्हणत तोंड उघडत होती, आणि गालाला लागलेलं तूप आजीच्या पदराला पुसत होती. बाईंना वाटलं, अख्ख्या आठवड्यात आपल्याशी धड कुणी बोललं असेल तर ही.

पूर्वाने विचारलं, की चेहरा का उतरलाय. बाईंनी सांगितलं, की मंडळातून एकाला काढणार आहेत, मुजावरांना.

"कोण मुजावर?"

"रेसकोर्सवर असतात ते."

"ओळखीचे आहेत?"

बाई घास कालवत राहिल्या. नवरा नव्हे, भाऊ नव्हे, मित्र म्हणावं तर कधी एकमेकांच्या घरी चहा नाही. या माणसासाठी घरातल्या भाषेत शब्दच नव्हता. "एकतीस वर्षं भांडतोय आम्ही," त्या शेवटी म्हणाल्या.

पूर्वा चांगल्या मनाची. तिने लगेच सुचवलं, की मग फोन करून भेटा ना बाहेर कुठेतरी, रेसकोर्सच कशाला हवं. बाई म्हणाल्या, बघू. पण त्यांना माहीत होतं, की हॉटेलातल्या टेबलाशी समोरासमोर बसवलं तर दोघांनाही हात कुठे ठेवावेत हे कळणार नाही. मध्ये घोडा होता म्हणून ती दोघं इतकी वर्षं शेजारी उभी राहू शकली होती.

परतताना बसच्या खिडकीशी त्यांचं ठरलं. मला लेक आहे, नात आहे, नाही म्हणणारं कुणी आहे. मुजावरांना रविवार सोडून काही नाही. आपण निघायचं.

हे झालं वर वर ठरलेलं. त्याच्या खाली आणखी एक होतं, ते त्यांनी स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही. एकाच दिवशी एकच युक्ती करणारा माणूस बुधवारी दुसरं काय करणार? मुजावरही कागद देणार. मग दोघंही मंडळाबाहेर, दोघंही मोकळे. हिरवळीवरच्या रिकाम्या स्टँडमध्ये बसू, रिंगण लांबून दिसेल तेवढं बघू आणि पोटभर बोलू.

बुधवारी साडेतीन वाजता त्यांनी नाव मागे घेतल्याचा कागद मैत्रेयीच्या टेबलावर ठेवला. अठरा नंबर आले होते का, असं विचारलंही. तिला ते सांगता येत नव्हतं. अजून दीड तास आहे, एवढंच ती म्हणाली. मग कागदावर शिक्का मारता मारता थांबली आणि म्हणाली, की या नोकरीत तिला दोन वर्षं झाली, पण क्लबचं काम सोडताना रडवेलं झालेलं माणूस तिने पहिल्यांदाच बघितलं.

बाईंनी तिला विचारलं, "तुला कधी वाटलं नाही गं, आपणही एखादी पैज लावावी?"

मैत्रेयीने खरंच विचार केला. तिच्या पाठीमागे पडद्यावर ठिपके शांतपणे चमकत होते.

"लावली असती," ती म्हणाली. "पण कोणाशी?"

रविवारी वासंतीबाईंनी फाटकावर फोन दिला नाही. आता कुणी मागितलाच नाही. त्या लोकांच्या स्टँडमध्ये चौथ्या पायरीवर जाऊन बसल्या. तिथून रिंगण लहान दिसायचं, पण बाईंच्या नजरेला तेवढं पुरायचं. शेजारची जागा त्यांनी रेसबुक ठेवून अडवली, अडवायची काही गरज नव्हती तरी. आजूबाजूला चाळीसेक पायऱ्या मोकळ्या होत्या. खाली हिरवळीवर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. एक जोडपं पाळण्यातल्या बाळाला उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात सरकवत होतं. बाईंचं लक्ष जिन्याकडे होतं. पावलं वाजली की त्यांना न बघताच कळत होतं, की ही नव्हेत.

पहिली घंटी झाली. काचेच्या पेट्यांची दारं उघडली आणि दोरांमधल्या वाटेने माणसं निघाली. बाईंनी मोजलं नाही. त्या फक्त कठड्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. सतराचा चौकोन रिकामा राहिला. मग बँडवाल्यांचा तो जुना बाटलीहिरवा कोट दिसला. मुजावर अठरामध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

म्हणजे त्यांनी कागद दिला नव्हता.

बाई स्वतःशीच सांगू लागल्या, की तुला हेच हवं होतं ना? ते राहावेत म्हणूनच गेलीस ना? मग त्यांना वाटलं, मुजावरांनी ओळखलं असेल. बाई कागद देणार, आणि आपणही दिला तर बाईंचं जाणं फुकट जाईल, म्हणून ते थांबले असतील. ते इतकं बारकं ओळखणारे आहेत. किंवा तसं काही नसेल. त्यांना नुसतं राहावंसं वाटलं असेल. म्हातारा माणूस, रविवार कोण सोडतं? दोन्ही पटत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मुजावरांच्या मनातलं सांगता येईना, आणि विचारायला वाट नव्हती.

घोडे फिरत होते. दोन नंबरचा काळा घोडा लांबूनही पायांत स्वच्छ होता. सहा नंबरची तांबूस घोडी पुढचा उजवा पाय अर्धं बोट आखडता टाकत होती. अदमासने चार नंबर सांगितला होता. बाईंनी मनात दोन धरला.

थोड्या वेळाने मोठ्या फलकावर भाव हलू लागले. चारवर लोकांचे पैसे ढिगाने पडत होते. त्यात मंडळाचे आकडे ओळखू यायचे, कारण प्रत्येकाची रक्कम सारखी. फलकावरची रेघ तेवढीच टुणकन उडायची. दोनवर अशा सात उड्या पडल्या, एकवर पाच, तीनवर बऱ्याच. सहावर एक. एकच.

त्या आखडत्या पायाच्या घोडीवर मंडळातल्या कुणाचा जीव बसेल? ज्याने तिला पाहिलंच नाही, फक्त ऐकलं, त्याचा. आखडता का असेना, पाऊल दर वेळी तेवढंच आखडतं पडत होतं. ताल सुटत नव्हता. वासंतीबाई एकदम ताठ बसल्या. मुजावरांनी आज गुडघ्यांकडे बघितलंच नव्हतं. शेजारचा चौकोन रिकामा झाल्याबरोबर बाईंचा डोळा त्यांच्या कानातून निघून गेला होता. तिकडे मैत्रेयीच्या पडद्यावर आता एकच ठिपका उरला असेल, स्वच्छ, कुणालाही न चिकटलेला.

"अहो मुजावर," बाई रिकाम्या स्टँडमध्ये मोठ्याने म्हणाल्या, "सहाचा पुढचा उजवा पाय तरी बघायचात."

खालच्या जोडप्यातल्या मुलीने वळून वर पाहिलं, आजीबाई फोनवर बोलत असतील असं समजून पुन्हा बाळाकडे वळली. मुजावर काचेआड गेले होते. काच दुपारच्या उन्हात काळी चकचकीत दिसत होती, आणि तिच्यात स्टँडच्या रिकाम्या पायऱ्या उमटल्या होत्या, चौथ्या पायरीवरच्या एका ठिपक्यासकट.

घोड्यांपुढची फाटकं उघडली. धुळीचा लोट उठला आणि घोडे लांबच्या कडेने पळू लागले. वळणाशी चार नंबर मागे पडला. आतल्या बाजूने काळा पुढे आला, आणि बाहेरून, सगळ्यांच्या बाहेरून, ती तांबूस घोडी. हिरवळीवर कुणी मान वर केली नव्हती. वासंतीबाई स्टँडचा कठडा धरून उभ्या राहिल्या. काळा जिंकला तर त्यांचं खरं होणार होतं. घोडी जिंकली तर मुजावरांचं. छाती अशी धडधडल्याला किती वर्षं झाली, त्यांना आठवेना. शेवटचे दोनशे मीटर उरले होते, दोन्ही घोडे बरोबरीने येत होते, आणि कोण जिंकावं हे त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं.